गाऱ्हाण्यातलं पाचवं घर

श्रावणातली पौर्णिमा चार दिवसांवर आली की कुडाळच्या बाजारात नारळांचे ढीग लागतात. माणसं नारळ कानाशी धरून हलवतात, आत पाणी वाजतंय का ऐकतात, घासाघीस करतात, एखादा परत ठेवून दुसरा उचलतात. शाळा सुटल्यावर मी त्या गर्दीतूनच खोलीवर जाते, आणि दरवर्षी नेमकी तिथं रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालायला लागते. चाळीस पोरांना एका हाकेत गप्प बसवणारी मी बाई, नारळ बघून घाबरते. हसण्यासारखं आहे खरं. बरोबरच्या बाईंना मी सांगते की मला उन्हाचा त्रास होतो. श्रावणात कसलं डोंबलाचं ऊन, पण त्या बिचाऱ्या मान डोलावतात.

नारळ दिसला की मला आमचा किनारा दिसतो आणि कानात भिकाजीआबाचा आवाज सुरू होतो. मी दहावीत होते तो हंगाम तसाच्या तसा उभा राहतो. दहा वर्षं झाली. कोकण रेल्वे नुकती धावायला लागली होती आणि अख्ख्या वाडीत एकच फोन होता, तोही दुकानात, कुलूप घातलेला. वाडीचं नाव सांगत नाही. मिठबावच्या अलीकडे कुठंतरी, एवढं धरून चाला. माणसं अजून तिथंच राहतात, आणि त्यांच्यात माझे आईबाबाही आहेत.

आमचा समुद्र उघडतो तो रापणीनं. रापण म्हणजे सगळ्या वाडीचं मिळून एक जाळं. प्रत्येक घराचा त्यात एक तुकडा असतो, आणि ते सगळे एकमेकांना शिवून लांबलचक जाळं होतं. होडी ते अर्धगोल फिरवत पाण्यात सोडते, दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर राहतात, आणि मग बाप्ये, बायका, म्हातारे, सगळे मिळून दोन-तीन तास ते दोर ओढतात. मासळीचे वाटे पडतात ते जाळ्याच्या तुकड्यांवर आणि दोराला लागलेल्या हातांवर. वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसानं दोर धरला तरी त्याच्यापुढं चार बांगडे पडल्याशिवाय राहत नाहीत. हात लागला की वाटा. यात कुणी कधी घोळ घातल्याचं मी ऐकलेलं नाही.

हंगामाच्या पहिल्या दिवशी, नारळीपौर्णिमेला, समुद्राला नारळ देताना किनाऱ्यावर गाऱ्हाणं होतं. घाटावरच्या मंडळींना ठाऊक नसेल म्हणून सांगते. एकजण देवापुढं उभा राहून सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं बोलतो, आणि त्याच्या प्रत्येक मागण्याला बाकीचे एका सुरात म्हणतात, व्हय म्हाराजा. बोलणारा एकटा असून भागत नाही. होकार द्यायला कुणी नसेल तर ते गाऱ्हाणं पुरं होत नाही, असं आमच्याकडे मानतात. आमच्या वाडीचं गाऱ्हाणं भिकाजीआबा घालायचा. हा बाबांचा सख्खा काका. बाबा लहानपणी पोरके झाले तेव्हा यानंच त्यांना वाढवलं, पोहायला शिकवलं, लग्न लावून दिलं आणि आपल्याच जागेत घर बांधू दिलं. आबा वाडीतली एकोणीस घरं दक्षिणेच्या टोकापासून एकेक करून घ्यायचा. पहिलं त्याचं स्वतःचं, पाचवं आमचं. ह्या घरच्या लेकराबाळांका, होडयेजाळयाक राखण दी रे म्हाराजा, असं म्हणून तो थांबायचा. लहानपणी मी आमच्या घराची वाट बघत उभी राहायची, आणि ते आलं की सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा.

त्या वर्षी आबा चौथ्या घरावरून सहाव्यावर गेला. अडखळला नाही, खाकरला नाही. आणि मी, जन्माची सवय, सगळ्यांच्या बरोबर घसा ताणून ओरडले, व्हय म्हाराजा. शेजारच्या दोन बायका माझ्याकडे बघायला लागल्या तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्हाला वगळलं होतं आणि त्याला मीच होकार देऊन बसले होते. आईनं मागून माझा दंड धरला. पुढं पुरुषांत उभे असलेले बाबा मान खाली घालून बाहेर आले आणि आम्ही तिघं वाळूतून घरी आलो. कानात पुळणीची वाळू जावी तसा तो आवाज पुढं कितीतरी दिवस माझ्या कानात राहिला. संध्याकाळी दारात बघितलं तर आमच्या वाट्याचा जाळ्याचा तुकडा रापणीतून उसवून, नीट घडी करून ठेवलेला होता. फेकलेला असता तर मला इतकं लागलं नसतं.

असं होण्याचं कारण आई. त्याच्या आदल्या वर्षी माझा धाकटा भाऊ दिगू तापानं गेला. पाच वर्षांचा होता. तो गेल्यावर आईची वाचाच बसली. घरी येणारा प्रत्येकजण तिला तिचं काय चुकलं ते सांगायचा. कुणाच्या मते नवस राहिला होता, कुणाच्या मते ओटी चुकली होती, एका शहाणीनं तर तिच्या पायगुणापर्यंत मजल मारली. आई ऐकून घ्यायची. पुढं बाबांना शिरोड्याला होड्यांच्या दुरुस्तीचं काम मिळालं. हिला एकटी ठेवायची भीती, म्हणून बाबांनी आम्हाला दोघींनाही बरोबर नेलं. इनास नावाच्या सुताराच्या घरी आम्ही तीन आठवडे राहिलो. त्याची बायको रोझामाय. तिनं आईला काहीच विचारलं नाही. रोज संध्याकाळी ती मेणबत्ती लावून आपली प्रार्थना करायची आणि आई कोपऱ्यात बसून राहायची. एका संध्याकाळी रोझामायनं भिंतीवरच्या तसबिरीकडे, मांडीवर मुलाला घेतलेल्या मेरीमातेकडे, बोट दाखवलं आणि म्हणाली, "सायबिणीच्याय मांडयेर मेलेलो झील होतो गो."

आई तेव्हा रडली. सात महिन्यांत पहिल्यांदा. अशी रडली की इनास रंधा टाकून धावत आत आला. त्यानंतर ती बोलायला लागली, जेवायला लागली, माझी वेणी घालायला लागली. ज्या देवाचा मुलगा मारला गेला, तो देव मला माझं काय चुकलं हे विचारत नाही, माझ्याजवळ बसतो, असं तिनं मला एकदा भात वाढता वाढता सांगितलं होतं. मला तेव्हा ते फारसं कळलं नाही. मला आई परत मिळाली होती, तेवढ्यानंच माझं पोट भरलं होतं. शिरोड्याची माणसं येशूला जेजू म्हणतात, आईनंही तेच नाव उचललं.

वाडीत बोभाटा झाला की ही किरिस्तांव झाली. तिला तिकडून यंत्राची होडी मिळणार, पक्कं घर मिळणार, असं लोक बोलत होते. मिळालं काय होतं, तर एक माळ आणि रोझामायनं फडक्यात बांधून दिलेलं भोपळ्याचं बी. भोपळे मात्र झकास लागले. आबा दुष्ट असता तर मला त्याचा राग धरणं सोपं गेलं असतं. तो घाबरलेला होता. त्याच पावसाळ्यात किनाऱ्याला बांधलेल्या दोन होड्या वादळात फुटल्या आणि त्यांतली एक ओढून घेताना आबाच्या नातवाचा पाय मोडला. एका घरानं पाठ फिरवली म्हणून समुद्र सगळ्या वाडीवर उलटला, असं त्याच्या मनानं घेतलं. जो माणूस रोज त्या पाण्यात आपली पोरं पाठवतो त्याची भीती मला आता समजते. तेव्हा मला फक्त आमच्या घराचा वगळलेला नंबर समजत होता.

मग सगळं रीतसर बंद होत गेलं. दुकानदार आम्हाला बघितलं की मीठ संपलंय म्हणायचा, समुद्राच्या काठावर राहून. विहिरीवर आई गेली की बाकीच्या कळशा बाजूला व्हायच्या. माझी जिवाभावाची मैत्रीण शाळेच्या वाटेवर पन्नास पावलं पुढं चालायला लागली; मी थांबले की तीही थांबायची, पण मागं बघायची नाही. बाबा हातातलं लहान जाळं घेऊन एकटेच खाडीत जायचे. मिळेल ती मासळी पाटीत घालून आई सात-आठ मैल आत, शेतकऱ्यांच्या गावात जायची, जिथं आमची भानगड पोचलेली नव्हती, आणि मासळीच्या बदल्यात उकडे तांदूळ घेऊन यायची. दिवेलागणीला कधीकधी कौलांवर दगड पडायचे. एखादा पडला की दुसरा कधी पडतोय याची वाट बघत आम्ही घास हातात धरून बसायचो. दुसरा पडला नाही तर जास्त भीती वाटायची.

दसरा झाला आणि एका दुपारी आबा चारजणांना घेऊन आमच्या दारातल्या खळ्यात आला. आईनं पाणी पुढं केलं, त्यानं घेतलं नाही. ज्या घराच्या चौकटीला त्यानं स्वतः खांदा दिला होता त्या घरचं पाणी. आईकडे न बघता तो बाबांना म्हणाला, "बायलेक सांग. देवळाच्या पायरीर हात ठेवन म्हणांदे, सोडलंय. नायतर दिवाळयेच्या आधी घर मोकळा कर."

बाबा तोवर धड इकडचे नव्हते की तिकडचे. तुळशीपुढं दिवा लावायचे आणि आईच्या प्रार्थनेलाही बसायचे. त्यांनी अंगठ्यानं जमीन उकरली आणि म्हणाले की तिची जीभ माझ्या हातात नाही. आबा आणखी काही बोलेल म्हणून मी दाराआड उभी होते. तो पाठ फिरवून निघून गेला. जमीन त्याच्या नावावर होती, सगळी वाडी त्याच्या मागं होती, आणि दिवाळी सोळा दिवसांवर आली होती. भूमितीचं पुस्तक उघडं ठेवून मी ते दिवस मोजायची.

आईच्या प्रार्थनेचं सांगायचं राहिलं. रोझामायच्या प्रार्थना तिच्या ध्यानात राहिल्या नव्हत्या, आणि वाचायचं म्हटलं तर अक्षरओळख बेताची. देवाशी बोलायची एकच रीत तिला येत होती. म्हणून ती दिवा लावून, पदर डोक्यावर घेऊन चक्क गाऱ्हाणं घालायची. जेजू म्हाराजा, म्हणून सुरुवात करायची आणि वाडीतली एकोणीस घरं दक्षिणेकडून एकेक करून घ्यायची. एखाद्या पाद्र्यानं ऐकलं असतं तर त्याला घेरी आली असती. पहिलं घर आबाचं. त्याच्या गुडघ्यांना आराम, त्याच्या नातवाच्या पायाला जोर, त्याच्या होडीला राखण. प्रत्येक घराचं दुखणंखुपणं तिला पाठ होतं, आणि कौलांवर दगड कोण मारतं हेही आम्हाला ठाऊक होतं. त्याचंही घर यायचं, बारावं. पडवीत बसलेले बाबा हलक्या आवाजात म्हणायचे, व्हय म्हाराजा. पाचव्या घराला आवाज जरा चढायचा, इतकंच.

मी म्हणायची नाही. आमचं घर वगळण्याला एकदा होकार देऊन मी पस्तावले होते. आता माझ्या तोंडून व्हय निघणार नव्हतं. आई मला जबरदस्ती करायची नाही, त्याचाच मला जास्त राग यायचा. एकदा मी तिच्या अंगावर धावूनच गेले. तुझा जेजू आंधळा आहे काय, आपल्याला उपाशी मारणारी माणसं त्याला दिसत नाहीत काय, असं काय काय बोलले. आई वाती वळत होती. तिनं हात थांबवला.

"दिसतत गो पमी. पण दिगू गेलो तेवा तेनी माका सोडल्यान नाय. आता मी कोणाक वगळू?"

मी दार आपटून बाहेर गेले. हरले की मी तेव्हाही दार आपटायची आणि आताही आपटते.

दिवाळीला आठवडा उरला होता. आई शेतकऱ्यांच्या गावातून परतली होती आणि आम्ही दोघी किनाऱ्याच्या टोकाला पाटी धूत होतो. पलीकडे रापण ओढणं चाललं होतं. जाळ्यात बांगडा इतका लागला होता की पाणी काळं दिसत होतं. पण पाण्याला ओढ फार होती, आणि आमच्या बाजूच्या दोरावर माणसं कमी पडत होती. सगळ्यांत पुढं, गुडघाभर पाण्यात, कमरेला दोराचा फास अडकवून आबा उभा होता. त्या वयात त्यानं तिथं असायचं काही कारण नव्हतं, पण त्याला सांगणार कोण. एक मोठी लाट आली, दोर सुटायला लागला, मागची दोन माणसं वाळूत पडली आणि आबा उताणा होऊन दोराबरोबर पाण्यात ओढला जायला लागला.

मी जागच्या जागी उभी राहिले. खरं सांगायचं तर मनात एक क्षण आलं, जाऊ दे. आईनं पाटी टाकली आणि धावली. तिनं दोर धरला, टाचा वाळूत रोवल्या, दोर तिच्या तळव्यांतून सरसर सरकला आणि थांबला. पडलेले उठले, बाकीचे धावून आले, आबा कसाबसा उभा राहिला. सोड म्हणून तिला कुणी सांगितलं नाही. तासभर दोर येत राहिला आणि ती त्या रांगेत, पुढच्या-मागच्यांच्या मध्ये, ओढत राहिली. कुणी तिच्याशी बोललं नाही. मी पाटी पोटाशी धरून बघत होते. आता काय होणार, हे तिथल्या एकालाही माहीत नसावं.

जाळं वर आलं, ढीग पडायला लागले. वाटे आबाच घालायचा. त्याचा पाय शिंपल्यानं कापला होता, वाळूत रक्ताचे ठसे उमटत होते. तो घालत घालत आईपर्यंत आला आणि थांबला. मग त्यानं वाकून तिच्यापुढं ढीग घातला. बाकीच्यांएवढाच.

"हात लागलो, वाटो तुझो," तो म्हणाला. "पण एक शब्द म्हण गो. सोडलंय म्हण. म्हण आणि वाटो उचल."

त्याच्या आवाजात दम नव्हता. तो मिनतवारी करत होता. एका शब्दात सगळं परत मिळणार होतं. जाळ्याचा तुकडा, विहीर, घर, माझी मैत्रीण. मनातल्या मनात मी आईला सांगत होते, म्हण गं, म्हण, नुसतं तोंडानं म्हण, जेजू समजून घेईल. अख्खा किनारा आईकडे बघत उभा होता. बांगडे तेवढे वाळूत तडफडत होते.

आईनं तळवे बघितले. सोललेले होते. "आबानू, ता माका म्हणूक येवचा नाय," ती म्हणाली. "तुमच्या पायातसून रगात येता, ता बगा आधी." डोक्याची चुंबळ सोडून तिनं त्या फडक्याची पट्टी फाडली आणि खाली बसून त्याच्या पायाला बांधली. त्यानं पाय मागं घेतला नाही. गाठ मारून ती उठली, वाटा तिथंच ठेवला आणि माझ्या हातातली पाटी घेऊन चालायला लागली. मी तिच्या मागून जाताना रडत होते, आणि ते दुःखानं नव्हतं. मला तिचा भयंकर राग आला होता.

पुढं काय झालं ते आधी सांगून टाकते. दिवाळी आली नि गेली, आबा घर मोकळं करून घ्यायला आला नाही. का आला नाही ते त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. दुकानदाराला हळूहळू मीठ सापडायला लागलं. विहिरीवरच्या कळशा परत जवळ आल्या, दगड थांबले. पण पुढच्या वर्षी गाऱ्हाण्यात आबा चौथ्या घरानंतर थांबला, एक श्वास घेतला आणि सहाव्यावर गेला. त्याच्याही पुढच्या वर्षी तसंच. सात वर्षं तो तिथं थांबत राहिला आणि पुढं जात राहिला. दोन वर्षांपूर्वी तो गेला. आता त्याचा नातू गाऱ्हाणं घालतो, तेही वहीच्या कागदावरून वाचून. कागदावर पाचवं घर आहे. अंथरुणाला खिळलेला असताना आबानंच तो कागद नातवाला सांगून लिहून घेतला होता, असं कळलं. हे मला आईनं फोनवर सांगितलं आणि लगेच भोपळे किती लागलेत त्यावर गेली.

हे सगळं आज माहीत आहे. त्या संध्याकाळी यातलं काही माहीत नव्हतं. दिवाळीला सात दिवस होते, घरात तांदूळ दोन दिवसांचे, आणि बाबांना किनाऱ्यावरचं सगळं कळलं होतं. त्यांनी आईच्या तळव्यांना हळद लावली, फडकं गुंडाळलं. मग ते पडवीत जाऊन आमच्याकडे पाठ करून बसले. दिवा मी लावला, कारण आईला काडी धरता येत नव्हती. मी पुस्तक घेऊन भिंतीशी बसले. आईनं मनगटांनी पदर डोक्यावर ओढला.

"जेजू म्हाराजा," ती म्हणाली, "भिकाजीआबांचा घर. तेंच्या पायाची जखम भरान येवंदे रे म्हाराजा."

पडवीतून आवाज आला नाही. बाबांची पाठ हलली नाही. इतके दिवस आईला साथ देणाऱ्या त्या माणसाला त्या दिवशी ते जमणार नव्हतं, आणि मला त्यांचं पटत होतं. आई थांबली. तिनं परत म्हटलं नाही, बाबांकडे वळून बघितलं नाही. फडक्यात गुंडाळलेले हात जोडून ती वाट बघत उभी राहिली. होकाराशिवाय पुढच्या घरावर जाता येत नाही. समुद्राचा आवाज येत होता, दिव्याची वात तडतडत होती.

मी आबाला माफ केलं नव्हतं. आत शोधून बघितलं असतं तरी तसलं काही सापडलं नसतं. माफ करायला चार-पाच वर्षं लागली, आणि अजूनही एखाद्या दिवशी ते निसटतं. पण त्या माणसाचं नाव घेऊन माझी आई देवापुढं एकटी उभी होती, आणि तिला तशी उभी ठेवणं माझ्यानं होईना.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

आईनं मान हलवली आणि दुसरं घर घेतलं.